गोळीचं वजन नाही, लांबी विचारा

तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम हे जुन्या लोकांना पाठ असतं (आता सराफ १० ग्रॅमचा धरतात ते सोडा), पण इंग्रजांनी १८३३ मध्ये तो ठरवला तेव्हा हिशोब ग्रॅममध्ये नव्हता, ग्रेनमध्ये होता, १८० ग्रेनचा एक तोळा. रायफलच्या गोळ्या आजही याच ग्रेनमध्ये मोजतात. म्हणजे पॉइंट ३० कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीची रुंदी, इंचांत) १८० ग्रेनची गोळी बरोब्बर एक तोळ्याची.

आता गोळी आणि काडतूस यात आपल्याकडे फार गोंधळ होतो म्हणून आधीच सांगतो. काडतूस म्हणजे सगळं मिळून, पितळी पुंगळी, आत दारू, बुडाला दारू पेटवणारा प्रायमर आणि तोंडाला बसवलेली गोळी. उडून जाते ती फक्त गोळी. लांब पल्ल्याचे नेमबाज, म्हणजे हजार यार्ड (९१४ मीटर) आणि त्याच्याही पुढे मारणारे, जड गोळीच्या मागे असतात. कारण सरळ आहे, रुंदी तीच ठेवून वजन वाढवलं की हवेला धडकणारं तोंड तेवढंच राहतं पण मागचा रेटा वाढतो, त्यामुळे वेग कमी गळतो आणि वारा कमी ढकलतो. हजार यार्ड जायला गोळीला साधारण दीड सेकंद लागतो आणि तेवढा सगळा वेळ वारा तिला बाजूला सारत असतो, तेव्हा हा फरक चांगलाच दिसतो.

पण रुंदी नळीने ठरवून दिलेली आहे, मग वजन वाढवायचं कुठे? लांबीत. आणि खरी भानगड इथेच आहे.

लांब गोळी हवेत स्वतःहून सरळ जात नाही. हवेचा दाब तिच्यावर जिथे एकवटतो ती जागा वजनाच्या मध्याच्या पुढे, नाकाकडे असते, त्यामुळे हवा तिला सारखी उलटवायला बघते. तिला सरळ ठेवते ती फक्त गिरकी. भोवऱ्याचंच बघा ना, दोरी ढिली गुंडाळून फेकला की दोन डुलक्या खाऊन आडवा, घट्ट गुंडाळून जोरात ओढला की आरीवर जागच्या जागी उभा. बॅरलच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्याला रायफलिंग म्हणतात, ती ही दोरी. आठ इंचांत एक पूर्ण फेरा असेल तर तो १:८ चा ट्विस्ट. गोळी सेकंदाला ८२३ मीटरने निघाली तर अशा बॅरलमधून ती सेकंदाला चार हजारांवर गिरक्या घेत बाहेर पडते, मिनिटाचा हिशोब केला तर २ लाख ४३ हजार.

गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट लागतो, वजनाने नाही, लांबीने. हे पहिल्यांदा ठसठशीत करून दाखवलं इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थने. कुठल्याही वर्कशॉपमधल्या फिटरला विचारा, बीएसडब्ल्यू आटे म्हणजे काय, तो ५५ अंशाचा कोन सांगेल, त्यातला डब्ल्यू म्हणजे हाच माणूस. त्या वेळच्या एनफिल्ड रायफलचं कॅलिबर होतं पॉइंट ५७७ आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा. व्हिटवर्थने गोळीचं वजन साधारण तेच ठेवलं, ५३० ग्रेन, म्हणजे जवळपास तीन तोळे, पण नळी बारीक केली, पॉइंट ४५१, त्यामुळे गोळी आपोआप लांब झाली, आणि पीळ केला २० इंचांत एक. १८५७ च्या चाचण्यांमध्ये या रायफलने एनफिल्डला लांब पल्ल्यावर पार मागे टाकलं. वजन जवळपास तेच होतं, बदललं ते लांबी आणि पीळ.

पुढे १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये वुलिचच्या तोफखान्याच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी एक सोपं सूत्र दिलं: गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, लांबीने भागा, की किती लांबीत एक फेरा हवा ते येतं. ६.७ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३४ मिलिमीटर लांबीच्या आजच्या एखाद्या गोळीला लावून बघा, उत्तर १९८ मिलिमीटर, म्हणजे पावणेआठ इंचांच्या आसपास येतं, आणि अशा गोळीसाठी आज १:८ चं बॅरलच सर्रास घेतात. आता नवी, जास्त अचूक सूत्रं आहेत पण हे दीडशे वर्षांचं सूत्र अजून इतकं जवळ जातं याचं मला खरंच कौतुक वाटतं.

हे दुर्लक्षिलं की काय होतं ते १९५५ मध्ये अमेरिकेत दिसलं. त्या वर्षी दोन काडतुसं बाजारात आली, .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन, दोन्हीत ६ मिलिमीटरची गोळी आणि पुंगळी तर रेमिंग्टनची थोडी मोठीच. पण रेमिंग्टनने बॅरलला १:१२ चा पीळ दिला, छोट्या जनावरांच्या शिकारीसाठी हलकी गोळी डोक्यात धरून, आणि विंचेस्टरने १:१० चा. लोकांना एकाच रायफलीतून हरणासाठी १०० ग्रेनची गोळीही हवी होती, ती टोकदार लांब गोळी १:१२ मध्ये भरवशाने सरळ जाईना. काडतूस उत्तम असून मागे पडलं. मग पीळ १:९ केला, १९६३ मध्ये ६ एमएम रेमिंग्टन असं नवं नाव दिलं, पण तोवर गिऱ्हाईक गेलेलं.

थंडीचाही यात हात असतो. सुरुवातीच्या एआर-१५ रायफलींना १:१४ चा पीळ होता, कडाक्याच्या थंडीत चाचणी घेतल्यावर तो पुरेना म्हणून १:१२ केला. उणे ५० डिग्रीची हवा १५ डिग्रीच्या हवेपेक्षा जवळपास ३० टक्के दाट असते, म्हणजे उलटवणारा हात तेवढाच दणकट.

पीळ कमी पडलाय हे ओळखायला यंत्र लागत नाही. टार्गेटच्या कागदावर गोल भोकाऐवजी कुलपाच्या भोकासारखी लांबट चीर दिसली की समजायचं, गोळी आडवी होऊन आली.

म्हणून आज लांब पल्ल्याचं काडतूस बनवणारे उलट्या टोकाने सुरुवात करतात, आधी गोळी निवडतात आणि मग तिच्याभोवती बाकी सगळं. २००७ मध्ये हॉर्नाडी कंपनीने ६.५ क्रीडमूर आणलं तेव्हा पुंगळी मुद्दाम आखूड ठेवली, ४८.८ मिलिमीटर, त्याच कॅलिबरच्या .२६० रेमिंग्टनची ५१.७ आहे. तीन मिलिमीटर कमी केल्याने लांब गोळी दारूच्या जागेत न घुसता बाहेर राहते आणि तरी काडतूस नेहमीच्या मॅगझिनमध्ये मावतं. स्वतःचं बॅरल करून घेणारा नेमबाज तर आधी एक मुकं काडतूस तयार करतो, दारू नाही प्रायमर नाही, फक्त गोळी हवी तेवढी बाहेर ठेवून बसवलेली, आणि ते रीमर बनवणाऱ्याकडे पाठवतो; रीमर म्हणजे चेंबर, बॅरलमध्ये काडतूस बसतं ती जागा, कापायचं हत्यार. त्या नमुन्यावरून रीमर घडतं, रीमरने चेंबर कापलं जातं, आणि रायफलिंग कुठून सुरू व्हायचं तेही त्या गोळीवरूनच ठरतं.

शिसं नसलेल्या निव्वळ तांब्याच्या गोळ्यांनी गणित आणखी ताणलंय, तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाला गोळी लांब आणि पीळ अजून घट्ट.

आपल्याकडे ५० मीटर रायफलमध्ये पीळ हा प्रश्नच नसतो, तिथे पॉइंट २२ ची ४० ग्रेनची गोळी आणि १:१६ चा पीळ हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवणारा कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच प्रकारातला. पण बॅरल आणि काडतुसाची जोडी इथेही जुळवावीच लागते, कारण दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. मोठे नेमबाज आपलं बॅरल घेऊन थेट काडतुसांच्या कारखान्यात जातात, तिथे ते शिकंज्यात आवळून एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून बघतात, आणि ज्या लॉटची भोकं एकमेकांवर बसतात त्याच लॉटची हजारो काडतुसं उचलून आणतात.