विनिमय दरातले वेळेनुसार पॅटर्न
चलनांच्या दरात ठराविक तासाला, वाराला, महिनाअखेरीला पुन्हा पुन्हा दिसणारी हालचाल म्हणजे हा विषय. यात दोन प्रश्नांची गल्लत फार होते, दर किती हलतो हा एक आणि कुठल्या बाजूला हलतो हा दुसरा. पहिल्यावर फारसा वाद नाही, लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही उघडे असतात त्या तासांत उलाढाल आणि चढउतार सगळ्यात जास्त. खरं भांडण दुसऱ्यावरच आहे.

अभ्यास साधारण १९७३ नंतरचा, कारण त्याआधी ब्रेटन वुड्सच्या (दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आंतरराष्ट्रीय चलनकराराच्या) व्यवस्थेत दर बांधलेलेच होते. वारांच्या पॅटर्नवर बहुतेक जण मॅकफार्लंड, पेटिट आणि संग यांच्या १९८२ च्या पेपरपासून सुरुवात करतात. त्यात डॉलरच्या तुलनेत परकी चलनं सोमवारी आणि बुधवारी वर, गुरुवारी आणि शुक्रवारी खाली असा कल दिसला होता. निदान बुधवार-गुरुवारचं कारण बहुधा सेटलमेंटमध्येच (सौद्याचे पैसे प्रत्यक्ष चुकते होण्यातच) आहे. स्पॉट (चालू भावाचा, लगेचचा) सौदा दोन कामकाजाच्या दिवसांनी पुरा होतो, म्हणजे बुधवारचा सौदा शुक्रवारी. पण ऑक्टोबर १९८१ पर्यंत न्यूयॉर्कच्या क्लिअरिंगमधून (बँकांच्या आपसातल्या हिशेबातून) आलेले डॉलर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशीच वापरता यायचे, म्हणजे शुक्रवारी दिलेले डॉलर सोमवारी, आणि परकं चलन मात्र शुक्रवारीच हातात. बुधवारी परकं चलन घेणाऱ्याला शनिवार-रविवारचं डॉलरवरचं व्याज आयतं मिळायचं म्हणून तो दोन पैसे जास्त मोजायला तयार, आणि गुरुवारी ही सोय संपली की भाव खाली. ऑक्टोबर १९८१ मध्ये त्याच दिवशी सेटलमेंट सुरू झाल्यावर हे कारणच उरलं नाही. नंतरच्या डेटात वारांचे जे परिणाम सापडल्याचं सांगतात ते जरा जपूनच घ्यावेत, पाच वार आणि डझनभर चलनं चाळली की योगायोगानेही काहीतरी निघतंच.

दिवसातल्या तासांचा पॅटर्न जास्त टिकाऊ वाटतो. एखादं चलन आपल्याच देशाच्या कामाच्या वेळेत थोडं घसरतं आणि परक्या वेळेत सावरतं असं कॉर्नेट, श्वार्झ आणि साकमारी यांनी १९९५ मध्ये फ्युचर्सच्या (पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या) डेटावर दाखवलं, पुढे रानाल्डो यांनी स्पॉटवर तेच मांडलं. त्यांचं म्हणणं, देशातले लोक आपल्या ऑफिसच्या वेळेत एकूणात परकं चलन विकत घेत असतात. क्रोन, म्युलर आणि व्हीलन मात्र फिक्सिंगकडे (रोज ठराविक वेळी ठरणाऱ्या संदर्भ दराकडे) बोट दाखवतात: टोकियो (सकाळी ९:५५), युरोपियन सेंट्रल बँक आणि लंडन (दुपारी ४) या तिन्हींच्या आधी डॉलर चढतो, नंतर उतरतो. तपशिलात हे जास्त नेमकं बसतं, पण पहिलं खोटं पडतं असं नाही, ऑफिसच्या वेळेतली मागणीही शेवटी फिक्सिंगलाच येऊन साचते.

लंडन फिक्सिंगची वेळखिडकी, म्हणजे ज्या वेळातल्या सौद्यांवरून दर ठरतो ती, आधी १ मिनिटाची होती. त्यातल्या संगनमतावरून २०१४ मध्ये मोठ्या बँकांना दंड झाले आणि फेब्रुवारी २०१५ पासून ती ५ मिनिटांची केली. महिनाअखेरीला फंडवाले आपलं हेजिंग (चलनाच्या चढउतारापासूनचं संरक्षण) जुळवतात ते याच वेळेला, त्यामुळे त्या दिवशी धक्के मोठे.

टोकियोत ५ आणि १० च्या पटीतल्या तारखांना 'गोतोबी' म्हणतात. कंपन्यांची देणी त्या दिवशी असतात म्हणून ९:५५ च्या आधी डॉलरला जास्त मागणी.

महिन्यांचे पॅटर्न (मार्चअखेरीला येन मायदेशी परततो वगैरे) बाजारात बोलले खूप जातात, पुरावा त्या मानाने पातळ.