बीए, बीएस्सी करताना दृश्यकला आणि डिझाइनचं मायनर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वेळ (सातारा जिल्ह्यातल्या मुलांसाठी)

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. बारावीचा निकाल लागला की जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड घेतलेली, स्थिरचित्रात हात बसलेली मुलं विचारतात, "बाई, घरचे बीएस्सीलाच घालणार म्हणतात. मग चित्रकला सुटलीच का?" सुटत नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवी एका विषयात करताना दुसरा विषय मायनर म्हणून रीतसर शिकता येतो, आणि तो गुणपत्रकावर येतो. अडचण एवढीच, की हे दार पहिल्या वर्षाच्या प्रवेशावेळी उघडं असतं आणि नंतर ते उघडून घेणं फार अवघड जातं.

माझी एक विद्यार्थिनी हे दुसऱ्या वर्षाला गेल्यावर शिकली. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर गर्दी होती. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित असा छापील गट पुढे आला आणि तिनं सही केली. वर्षभरानं मायनर मागायला गेली तेव्हा उत्तर मिळालं, "पहिल्या वर्षी जे विषय घेतले, त्यातूनच मायनर मिळेल." नियमाप्रमाणे ते उत्तर बरोबर होतं. पण प्रवेशाच्या दिवशी तिला कोणी थांबवून हे सांगितलं नव्हतं. पुढचं सगळं त्या एका दिवसासाठी लिहिलं आहे.

मायनर म्हणजे नेमकं किती

पदवीचा मुख्य विषय तो मेजर आणि जोडीचा विषय तो मायनर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत, त्यातले २४ मायनरचे. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०, त्यातले ३२ मायनरचे. महाराष्ट्राच्या एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात मायनरला १८ ते २० क्रेडिट धरले आहेत. क्रेडिटला कागदोपत्री श्रेयांक म्हणतात. दाखल्यात किंवा अर्जात तो शब्द दिसला तर गोंधळू नका.

ते आकडे तासांत मोडले की कामाचा अंदाज येतो. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास लागतात आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३०. समजा मायनरचे २० क्रेडिट आहेत आणि त्यातले निम्मे प्रात्यक्षिकाचे. मग दीडशे तास वर्गात आणि तीनशे तास ड्रॉइंग बोर्डासमोर. पंधरा आठवड्यांच्या एका सत्रात दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक असेल तर आठवड्याला चार तास. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ पालकांना हा रविवारचा छंदवर्ग वाटतो. त्यात सबमिशन असतात, तोंडी परीक्षा असते, हजेरी असते. बीएस्सीची प्रॅक्टिकल्स सांभाळून हे करायचं तर आठवडा आखूनच घ्यावा लागतो.

तीन विषयांची गोष्ट

राज्याच्या २०२४ च्या सुधारित रचनेत पारंपरिक बीए, बीएस्सीच्या पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे असतात. दुसऱ्या वर्षात त्यातला एक मेजर होतो, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. म्हणून मायनरचा अर्ज असा वेगळा नसतो. पहिल्या वर्षाच्या विषयनिवडीच्या तक्त्यात कलेचा विषय लिहिणं हाच तो अर्ज. तिथं लिहिला नाही तर दुसऱ्या वर्षी निवडायला तो यादीतच नसतो.

मायनर मेजरच्याच विद्याशाखेतला असला पाहिजे असं बंधन नाही. दुसऱ्या विद्याशाखेतला विषय घ्यायला शासन निर्णयानं वाट मोकळी ठेवली आहे. खरा अडसर वेळापत्रकाचा येतो. सायन्सची प्रॅक्टिकल्स दुपारी आणि चित्रकलेचं प्रात्यक्षिकही दुपारीच, असं असेल तर कागदावरची परवानगी काही उपयोगाची नाही. फी भरण्याआधी दोन्ही विभागांची वेळापत्रकं मागा. जून-जुलैत ती पक्की झालेली नसतात, पण विभागप्रमुख गेल्या वर्षीचं दाखवतात आणि तेवढ्यावर अंदाज येतो.

आपल्या जिल्ह्यात कुठं विचारायचं

कराड, वाई, फलटण, कोरेगाव इथली बहुतेक महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न आहेत. सातारा शहरात मात्र २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स हे त्याचे घटक. तीन वेगळ्या विद्याशाखांची महाविद्यालयं एकाच विद्यापीठात असल्यामुळे, दुसऱ्या घटक महाविद्यालयातला विषय मायनर म्हणून मिळेल का, हे तिथं हक्कानं विचारावं. विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगेल अशी वाट बघू नका.

माहितीपुस्तकात विषयांच्या 'बास्केट'चा, म्हणजे निवडीसाठी दिलेल्या विषयगटांचा तक्ता असतो, तो ओळ न् ओळ वाचा. आपल्याला हवा तो विषय 'दृश्यकला आणि डिझाइन' याच नावानं छापलेला असेल असं नाही. चित्रकला, फाइन आर्ट, व्हिज्युअल आर्ट, ग्राफिक डिझाइन, फॅशन किंवा इंटिरियर डिझाइन, मल्टिमीडिया यांपैकी कोणत्याही नावाखाली तो सापडू शकतो. नाव सापडलं की अभ्यासक्रम उघडून बघा. रेखाटन, रंगसिद्धान्त, रचना, अक्षरलेखन, कलेचा इतिहास यातलं किती आहे आणि नुसतं सॉफ्टवेअर किती, हे पाहून मगच ठरवा. माझं स्वतःचं मत असं, की पहिल्या वर्षात हातानं रेखाटन नसेल तर तो अभ्यासक्रम मुलांच्या फार कामाचा नाही.

पात्रता

कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण, हीच मूळ अट. ती पदवीची अट आहे, मायनरची वेगळी नाही. बारावीला चित्रकला विषय असलाच पाहिजे असं सहसा नसतं. जागा कमी असतील तर महाविद्यालय गुणानुक्रम लावतं किंवा छोटी रेखाटन चाचणी घेतं. म्हणून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची प्रमाणपत्रं जोडा. कला संचालनालयाच्या या परीक्षांचे वाढीव गुण (इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३) दहावीतच मिळून गेलेले असतात, इथं ते पुन्हा मिळत नाहीत. तरीही विभागप्रमुखांसमोर मूल काय करून आलं आहे, हे त्या कागदावरून कळतं.

सीईटी लागते का, हा प्रश्न हमखास येतो. राज्याची कला शाखेची सीईटी बीएफएसारख्या पूर्णवेळ कला पदवीसाठी आहे. बीए, बीएस्सीतल्या मायनरसाठी ती द्यावी लागत नाही. बीबीए, बीसीए करणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्या प्रवेशांना स्वतःची सीईटी आहे आणि तिथं मायनरची बास्केटही वेगळी असते.

आणि एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करते, कारण यातून पुढे मुलांची निराशा होते. मायनर म्हणजे बीएफए नव्हे. शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर एटीडीसारखी कलाशिक्षक पदविका लागते, मायनरवर ती नोकरी मिळत नाही. पेंटिंगमध्ये एमएफए, म्हणजे कलेची पदव्युत्तर पदवी, करायचं मनात असेल तर बहुतेक ठिकाणी बीएफए किंवा जीडी आर्ट (कलेची सरकारी पदविका) मागतात. मात्र आयआयटी मुंबईकडून घेतली जाणारी सीड ही डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची परीक्षा बारावीनंतरची किमान तीन वर्षांची कोणतीही पदवी असलेल्याला देता येते. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी, जोडीला कलेचं मायनर, हाताशी भरलेली स्केचबुकं आणि मग सीड, ही वाट आपल्याकडच्या मुलांना कुणी दाखवत नाही. ती चांगली वाट आहे.

कागदपत्रं

दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत लागतात. दाखला महाविद्यालयात जमा होतो, त्यामुळे आधी चार झेरॉक्स काढून ठेवा. आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीवरून शिष्यवृत्ती अडकलेली मी पाहिली आहे. सीबीएसई किंवा दुसऱ्या मंडळातून आला असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, जोडावं लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

आरक्षणातून प्रवेश घेणाऱ्यांना जातीचा दाखला लागतो. इतर मागासवर्ग, भटके विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग यांना सोबत चालू मुदतीचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं. ते काढायला प्रांत कार्यालयापर्यंत फाइल जाते, म्हणून निकालाची वाट न बघता एप्रिल-मे मध्येच सेतू केंद्रात अर्ज टाका. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही त्याच फेरीत काढा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तो लागतो आणि तिथं कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

मायनरसाठी म्हणून वेगळं काय? सक्तीचं बहुधा काहीच नाही. पण मी माझ्या मुलांना एक पातळ पोर्टफोलिओ घेऊन जायला सांगते. दहा-बारा कामं पुरेत: दोन-तीन वस्तुचित्रं, एखादं स्मरणचित्र, एखादं संकल्पचित्र, थोडं अक्षरलेखन आणि बाकी बाहेर बसून केलेली स्केचेस. स्केचेस सगळ्यात महत्त्वाची. छायाचित्रावरून उतरवलेल्या नट्यांच्या चेहऱ्यांपेक्षा एसटी स्टँडवर बसलेल्या बाईचं पाच मिनिटांचं रेखाटन जास्त बोलतं. जमलं तर औंधला जाऊन या. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी उभारलेल्या तिथल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची 'सैरंध्री' आहे आणि हेन्री मूर यांचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पही आहे. मुंबईला न जाता एवढं मूळ काम डोळ्यांसमोर बघायला मिळणं किती ठिकाणी होतं? वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, त्याच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत. चाचणीत किंवा मुलाखतीत "काय पाहिलंय?" असं विचारलं तर सांगायला हे आपलं आहे.

प्रवेशानंतरचे कागद

फी भरली की काम संपलं असं वाटतं, पण विद्यापीठाचा पात्रता अर्ज, ज्याला सगळे एलिजिबिलिटी म्हणतात, तो बाकी असतो. त्यानंतर पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक मिळतो. सोबत डिजिलॉकरमधून अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा अंकी क्रमांक काढा आणि कार्यालयात द्या. मायनरचे श्रेयांक त्या खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर त्या खात्यात कलेच्या विषयाचे क्रेडिट उमटले का, हे स्वतः तपासा. परीक्षा अर्जातही विषयाचा कोड जुळवून घ्या. चुकीचा कोड पडला तर हॉलतिकिटावर भलताच पेपर येतो.

बास्केटमध्ये कला नसेलच तर

बऱ्याच महाविद्यालयांत ती नसते, हेही खरं. तेव्हा ओपन इलेक्टिव्हची यादी बघा. हा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, त्यामुळे सायन्सच्या मुलाला कलारसास्वाद किंवा डिझाइनची ओळख घेण्याची तीच रीतसर जागा. कौशल्य विषयांतही कधी कधी ग्राफिक्स असतं. दुसरा मार्ग स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यापीठ स्वयम्‌वरून ग्राह्य धरू शकतं. मात्र आधी महाविद्यालयाची लेखी संमती घ्या. कोर्स पूर्ण करून मग क्रेडिट मागायला गेलात तर ऐकून घेतलं जाईलच याची खात्री नाही.

विषय बदलायचा असेल तर वर्ग सुरू झाल्यावर थोडेच दिवस मुभा असते, तिची तारीख सूचना फलकावर लागते. तोंडी बोलून येऊ नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: "मी प्रथम वर्ष बीएस्सीला प्रवेश घेतला असून तीन विषयांपैकी अमुक विषयाऐवजी चित्रकला हा विषय घेऊ इच्छितो. दोन्ही विभागांच्या वेळापत्रकांत अडचण येत नाही. तरी परवानगी मिळावी, ही विनंती." खाली दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.