ट्रेडमिलवरचा तो व्हिडिओ ‘हौशी’ नव्हता
‘ओके गो’ या अमेरिकी इंडी रॉक बँडचा २००६ सालचा ट्रेडमिलवरचा व्हिडिओ पोरांनी तयारीशिवाय, सहज केला आणि नशिबाने गाजला, असं अजूनही सांगितलं जातं. तसं नाही. बँड तेव्हा कॅपिटॉल या बड्या संगीत कंपनीकडे होता आणि नाच बसवला होता गायक डेमियन कुलाशच्या बहिणीने, कोरिओग्राफर ट्रिश सीने. नीट बघा: आठ ट्रेडमिल, शेजारशेजारचे पट्टे उलट दिशांना पळणारे, चौघं एकावरून दुसऱ्यावर सरकतात आणि मध्ये एकही कट नाही. हे तालमीशिवाय जमणं शक्यच नाही.

मग सहज केल्यासारखा का वाटतो? माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडलं की करणारा अर्थ संकेतांत बांधतो आणि प्रेक्षक तो आपापल्या परीने उलगडतो. इथे जागचा न हलणारा कॅमेरा आणि निर्विकार चेहरे ‘घरचंच आहे’ असं सुचवतात. हा साधेपणा जाणूनबुजून निवडलेला आहे, आणि मला तरी खरी कारागिरी तिथेच दिसते.

राहता राहिलं नशीब. लोकांना हा व्हिडिओ आपापल्या ब्लॉगवर लावता येत होता, म्हणून तो पसरला. पुढे कंपनीने ती सोय बंद केली आणि प्रेक्षक झपाट्याने घटले, असं कुलाशनेच २०१० साली जाहीरपणे लिहिलं.