बहुपट्टीय उपग्रह प्रतिमा : बेळगाव सीमाभागातील पर्यावरण निरीक्षण

सूर्यप्रकाशाच्या निरनिराळ्या पट्ट्यांत एकाच वेळी टिपलेले जमिनीचे चित्र म्हणजे बहुपट्टीय उपग्रह प्रतिमा. निळा, हिरवा, तांबडा हे पट्टे डोळ्यांना दिसतात. तांबड्याच्या पलीकडचे निकट अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त दिसत नाहीत, पण निरीक्षणाचे खरे बळ त्यांतच आहे. टवटवीत पान तांबडा प्रकाश शोषते आणि निकट अवरक्त परतवते. निकट अवरक्ताच्या परावर्तनातून तांबड्याचे वजा करून त्या वजाबाकीला दोन्हींच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक (एनडीव्हीआय) मिळतो. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळून टाकते, म्हणून हिडकल किंवा राकसकोप जलाशयाचा काठ त्या पट्ट्यात स्पष्ट उठून दिसतो.

प्रतिमा वापरण्याआधी पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन, जमिनीवर केवढा, हे पाहावे. युरोपच्या सेंटिनेल-२ चा (पहिला उपग्रह २०१५) सर्वांत बारीक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल सुमारे ९ गुंठ्यांचा, तर भारतीय रिसोर्ससॅट उपग्रहावरील लिस-३ कॅमेऱ्याचा साडेपाच गुंठ्यांच्या आसपास. अथणी-चिकोडीकडच्या सलग उसाला हे सगळे चालतात. येळ्ळूर-वडगावच्या शिवारातील भाताच्या अरुंद पट्ट्यांत मात्र लँडसॅटच्या एका पिक्सेलमध्ये बांध, वाट आणि शेजाऱ्याचे पीकही मिसळते.

दुसरी कसोटी हंगामाची, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. खानापूर तालुक्यातील पानझडी रान मार्चमध्ये उघडे पडते. नोव्हेंबरच्या प्रतिमेशी त्याची तुलना केली तर उभे जंगल तोडल्यासारखे भासते. वेगवेगळ्या वर्षांच्या, पण एकाच महिन्याच्या प्रतिमा समोरासमोर ठेवाव्यात. लँडसॅटचा संग्रह १९७२ पासूनचा आहे आणि २००८ पासून तो मोफत खुला झाला, त्यामुळे भीमगड अभयारण्याच्या (घोषणा २०११) आधीची स्थितीही पाहता येते.

पावसाळ्यात कणकुंबी-चोर्ल्याकडे आठवडेच्या आठवडे ढग हटत नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरासारख्या वेळी, नेमकी गरज असताना, प्रकाशीय प्रतिमा आंधळी होते. तेव्हा ढगांतून आरपार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमा घ्याव्या लागतात. ढगांची सावलीही पाण्यासारखीच काळी दिसते, म्हणून ढगांबरोबर तीही गाळावी.

वर्गीकरणाची, म्हणजे कोणता पिक्सेल जंगल, शेती की पाणी हे ठरवण्याची, शहानिशा जमिनीवर, विखुरलेल्या बिंदूंवर जाऊनच होते. एकूण अचूकतेच्या टक्केवारीवर विसंबू नये. परिसरात शेतीच जास्त असेल तर काजूची बाग जंगलात मोजली गेली तरी आकडा चांगलाच येतो. प्रत्येक वर्गाची चूक स्वतंत्र तपासावी. बेळगावभोवती भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर मसूर, वाटाणा पेरतात. कापणी नुकतीच झालेल्या दिवसाची एकच प्रतिमा घेतली तर ही पेरलेली शेते पडीक ठरतात; महिन्याभराने घेतलेल्या प्रतिमेत तीच हिरवी दिसतात.