२० पैकी १: सलामीच्या पराभवाचं गणित

६ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री अमेरिकेतल्या ईस्ट लान्सिंगमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ मोसमातला पहिलाच सामना घरच्या कोर्टवर हरला. मोसमपूर्व क्रमवारीत हा संघ देशात चौथा होता. समोर होतं व्हर्जिनियातलं जेम्स मॅडिसन विद्यापीठ, ज्यांना तोवर पहिल्या पंचविसांत कधीच जागा मिळाली नव्हती. निकाल ७९-७६, तोही जादा वेळेत. असा पराभव झाला की चाहत्यांचे सूर ठरलेले असतात. कुणी म्हणतं संघात शूटरच नाहीत, कुणी म्हणतं प्रशिक्षकांचा काळ संपला, कुणाच्या मते रेफरीनं सामना घालवला. यातलं कुठलं म्हणणं आकड्यांपुढे टिकतं, ते तपासता येतं. त्याचबरोबर सगळ्यांना एकाच रात्री ही खात्री कुठून येते, त्याचाही बराच अभ्यास झाला आहे.

त्या रात्रीचे दोन आकडे महत्त्वाचे. मिशिगन स्टेटनं थ्री-पॉइंटरचे, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारायच्या तीन गुणांच्या शॉटचे, २० प्रयत्न केले, त्यातला १ आत गेला. फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या फाउलनंतर मिळणारे एका गुणाचे मोकळे शॉट, मिळाले ३७, त्यातले २३ साधले.

आधी थ्री-पॉइंटर. कॉलेज बास्केटबॉलमध्ये पुरुषांची ही रेषा २०१९-२० पासून २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे आणि देशभरातलं यशाचं प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे २० प्रयत्नांत सरासरी ६.८ बास्केट. पण ही सरासरी झाली, हमी नव्हे. प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र धरला तर प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार, येतं सुमारे २.१. त्यामुळे ४ ते ९ हा रोजचाच खेळ, ३ किंवा १० झाले तरी दचकायचं कारण नाही. २० पैकी १ किंवा ० होण्याची शक्यता मात्र ०.२८ टक्के, साधारण ३६० त एक.

ऐकायला हे अघटित वाटतं. पण पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, संघच ३६० च्या घरात आहेत आणि बहुतेक सगळे त्याच आठवड्यात खेळायला उतरतात. प्रत्येक संघ सरासरी दर्जाचा असता आणि प्रत्येकानं वीसच प्रयत्न केले असते, तरी देशात कुठे तरी सरासरी एका संघावर ही पाळी येणं अपेक्षितच होतं. ती चौथ्या क्रमांकाच्या संघावर आली म्हणून सगळ्यांना दिसली. खालच्या एखाद्या संघावर आली असती तर दुसऱ्या दिवशी कुणाला पत्ताही लागला नसता.

‘पण त्यांचा बचावच जबरदस्त होता’ हे उत्तर लगेच येतं. बचावाचा वाटा असतोच, पण तो चाहते समजतात तिथे नसतो. प्रतिस्पर्ध्याला थ्री-पॉइंटर मारायला किती वेळा मिळावं, हे बचाव बऱ्याच अंशी ठरवू शकतो. हात वर करून धावत जायचं, चेंडू पोहोचण्याआधी पोहोचायचं, की समोरचा चेंडू टप्पा टाकत आत घेऊन जातो. मात्र एकदा चेंडू हातातून सुटला की तो आत जातो की कडीला लागून बाहेर येतो, यावर बचावाचा ताबा फार थोडा. कॉलेज बास्केटबॉलचे प्रसिद्ध विश्लेषक केन पोमेरॉय ही गोष्ट अनेक वर्षं मांडत आले आहेत. म्हणून बचाव जोखायचा तर समोरच्यानं किती टक्के साधले, यापेक्षा त्यानं किती प्रयत्न केले ते आधी बघावं.

फ्री थ्रोची गोष्ट वेगळी. १५ फुटांवर एकटं उभं राहायचं, समोर कुणी नाही, घाई नाही. इथे साधारण संघ ७१ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे ३७ मधले २६. मिशिगन स्टेटचे २३ झाले. इतके किंवा याहून कमी होण्याची शक्यता सहांत एक, त्यामुळे ही काही विलक्षण दुर्दैवाची रात्र नव्हती. थोडं नशीब, थोडी खरी कच्ची बाजू. पण निर्धारित ४० मिनिटांनंतर गुण बरोबरीत होते. तोवर हुकलेल्यांतला एक फ्री थ्रो आत गेला असता आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं, तर जादा वेळच लागली नसती. चाहत्यांनी चिडायचंच असेल तर या १४ हुकलेल्या फ्री थ्रोंवर चिडावं. आकड्यांच्या दृष्टीनं तो राग जास्त रास्त आहे.

पहिल्या सामन्यात असा गोंधळ जास्त दिसतो, त्याला कारणं आहेत. नियमानुसार पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत पूर्ण सरावाची जास्तीत जास्त ३० सत्रं घेता येतात. २०२१ पासून पहिल्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूंना एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे दरवर्षी संघाचा मोठा भाग नवा असतो. बास्केटबॉलमध्ये बचाव हा पाच जणांचा एक हिशेब असतो. एकाला चकवलं की दुसऱ्यानं मदतीला सरकायचं आणि दुसऱ्याची सुटलेली जागा तिसऱ्यानं भरायची. हे अर्धा सेकंद उशिरा झालं की समोरचा मोकळा सुटतो. ही सवय नोव्हेंबरात अंगवळणी पडलेली नसते. कुठले पाच जण एकत्र चांगले खेळतात, हे प्रशिक्षकही तेव्हा अंदाजानंच ठरवत असतात.

आणि मुळात ‘चौथा क्रमांक’ हाही एक अंदाजच. मोसमपूर्व क्रमवारी साठेक पत्रकारांच्या मतांतून बनते, एकही सामना झालेला नसताना. ती अगदीच निरुपयोगी नसते, पण चाहत्याच्या डोक्यात ती मापलेली वस्तू होऊन बसते. समजा जाणकारांच्या मते एखादा संघ १२ गुणांनी जिंकायला हवा. कॉलेजच्या सामन्यांत प्रत्यक्ष फरक अपेक्षित फरकापासून १० ते ११ गुण इकडे-तिकडे होणं नेहमीचं आहे. हे धरलं तर १२ गुणांनी वरचढ असलेला संघही साधारण सात-आठ सामन्यांत एकदा हरणार. मोसमात असे सात-आठ सामने असले की एखादा हातचा जाणार हे गणितातच आहे. तो नेमका पहिला असेल तर बोंब मोठी होते, एवढंच.

चाहत्याला असा पराभव एवढा का झोंबतो? मेंदूतलं डोपामाइन हे नुसत्या सुखाचं रसायन नाही. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन सोडणाऱ्या पेशींच्या नोंदी घेतल्या आणि १९९७ मध्ये पीटर डायन, रीड माँटेग्यू यांच्यासह त्याचा अर्थ मांडला. या पेशी बक्षिसाला नव्हे, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला प्रतिसाद देतात. माकडाला न मागता बक्षिसाचा रस मिळाला की त्या उसळतात, अपेक्षित रस मिळाला तर ढिम्म राहतात आणि अपेक्षित असून नाही मिळाला तर नेहमीपेक्षाही खाली जातात. चौथ्या क्रमांकाच्या संघाच्या चाहत्याला सलामीचा विजय अपेक्षितच असतो. जिंकला तर फारसं काही मिळत नाही, हरला तर सगळं जातं. सौदाच तोट्याचा आहे. जेम्स मॅडिसनच्या चाहत्याचा नेमका याच्या उलट.

शरीरही यात ओढलं जातं. पॉल बर्नहार्ट आणि जेम्स डॅब्ज यांच्या गटानं १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरुष चाहत्यांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन सामन्याआधी आणि नंतर मोजलं होतं. एक सामना जॉर्जिया विरुद्ध जॉर्जिया टेक हा कॉलेज बास्केटबॉलचा, दुसरा १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना. जिंकलेल्यांच्या चाहत्यांत ते वाढलं, हरलेल्यांच्या चाहत्यांत उतरलं. नमुना छोटा होता, तेव्हा टक्केवारीवर फार भरवसा ठेवू नये. पण खुर्चीत बसून राहिलेल्या माणसाच्या शरीरातही फरक पडतो, हे त्यातून दिसतं.

माझ्या मते या विषयावरचा सर्वांत बोलका प्रयोग इंडियाना विद्यापीठातला. एडवर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. बास्केटबॉलवेड्या विद्यार्थ्यांना त्यांच्या संघाचा सामना टीव्हीवर थेट दाखवला आणि नंतर विचारलं: छोट्या बास्केटमध्ये चेंडू टाकायला दिला तर किती जातील? अक्षरांची कोडी किती सुटतील? एखाद्या अनोळखी मुलीला विचारलं तर ती तुझ्याबरोबर यायला हो म्हणेल का? संघ हरल्यावर विद्यार्थ्यांनी संघाच्या भवितव्याचा अंदाज खाली आणलाच, पण स्वतःच्या नेमबाजीचा, बुद्धीचा आणि आकर्षकतेचा अंदाजही खाली आणला. कोर्टवर त्यांनी चेंडूला हातही लावला नव्हता. त्यामुळे सामना संपल्या संपल्या चाहता ‘यंदा काही खरं नाही’ म्हणतो तेव्हा ते संघाचं विश्लेषण असतंच असं नाही. त्या अंदाजात त्याचा स्वतःबद्दलचा उतरलेला भावही मिसळलेला असतो.

रेफरीबद्दलच्या तक्रारींचं मूळ त्याहून जुन्या अभ्यासात सापडतं. १९५१ च्या नोव्हेंबरात डार्टमथ आणि प्रिन्सटन यांच्यातला अमेरिकन फुटबॉलचा सामना हाणामारीवर गेला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी त्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंचे नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना सरासरी ४.३ दिसले, प्रिन्सटनच्यांना ९.८. फिल्म एकच होती. कुणी मुद्दाम खोटं बोलत होतं असंही नाही.

हे दुःख टिकतं किती? वाटतं त्यापेक्षा कमी. टिमथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं की कॉलेज फुटबॉलचे चाहते निकालाचा आपल्या मनावरचा परिणाम फुगवून सांगतात, कारण अंदाज करताना त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त सामना असतो. काही जणांना आधी, येत्या एखाद्या दिवशी अभ्यास, जेवण, वर्ग, मित्र यांत किती तास जातील, हे लिहायला सांगितलं. त्यांचे अंदाज बरेच ताळ्यावर आले. पुढच्या हरलेल्या रात्री हा प्रयोग कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन करता येईल.

दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर गुणपत्रक वाचायची एक पद्धत आहे. आधी डाव मोजायचे, म्हणजे चेंडू आपल्या ताब्यात किती वेळा आला. बास्केटचे एकूण प्रयत्न, वजा आक्रमणातले रिबाउंड (आपलाच शॉट हुकल्यावर परत मिळवलेले चेंडू), अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले चेंडू), अधिक मिळालेल्या फ्री थ्रोची ०.४७५ पट. समजा प्रयत्न ६०, असे रिबाउंड १०, टर्नओव्हर १२ आणि फ्री थ्रो २०, तर डाव ७१.५. त्यात ७२ गुण झाले असतील तर दर शंभर डावांना १००.७ गुण पडतात. नुसत्या गुणांपेक्षा हा आकडा खरा, कारण सावकाश खेळणाऱ्या संघाचे गुण कमी असले तरी तो वाईटच खेळला असं नसतं. मग बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांचे चार घटक बघायचे: नेमबाजी, टर्नओव्हर, आक्रमणातले रिबाउंड, फ्री थ्रो. त्यांनी यांना अनुक्रमे ४०, २५, २० आणि १५ टक्के महत्त्व दिलं. सगळ्यांत जड असलेली नेमबाजी एका सामन्यापुरती सगळ्यांत लहरी. म्हणून नोव्हेंबरात काळजी करायची तर टर्नओव्हर आणि रिबाउंडची करावी. तिथे संघ मार खात असेल तर ते पुढेही दिसत राहण्याची शक्यता जास्त.

नव्या माहितीनं जुना अंदाज किती हलवायचा, याचंही गणित सोपं आहे. समजा संघाच्या थ्री-पॉइंटरचा आधीचा अंदाज ३५ टक्के आणि त्याला ३०० प्रयत्नांइतकं वजन दिलं. त्यात २० पैकी १ मिळवला की ३२० त १०६, म्हणजे ३३ टक्के. एवढ्या भयानक रात्रीनं अंदाज दोनच टक्क्यांनी सरकतो. एकूण ताकदीचंही तसंच: १२ गुणांनी जिंकायचा संघ ३ गुणांनी हरला, धक्का १५ गुणांचा. आपल्या मूळ अंदाजात ५ गुणांची आणि एका सामन्यात ११ गुणांची अनिश्चितता धरली, तर संघाचं मोल अडीच गुणांनी उतरवावं. हे क्षुल्लक नाही. वरच्या वीस संघांत अडीच गुणांत बरीच नावं मावतात. पुढच्या आठवड्यात पत्रकारांनी मिशिगन स्टेटला चौथ्यावरून अठराव्यावर आणलं, त्यात अतिरेक म्हणण्यासारखं फारसं नव्हतं.

निराश चाहते निव्वळ चुकले होते, असंही म्हणता येत नाही. तो संघ पहिल्या ९ सामन्यांत ५ हरला आणि मोसमअखेर २० विजय, १५ पराभव असा राहिला. दर रात्री २० पैकी १ होणार, ही भीती खोटी ठरली. संघ चौथ्या क्रमांकाच्या लायकीचा नाही, हा संशय खरा निघाला. पण त्याचा खरा पुरावा त्या पहिल्या रात्रीत नव्हता, पुढच्या आठ सामन्यांत साठला.

आता राहिला मार्चमधल्या ६८ संघांच्या स्पर्धेच्या निवडीचा प्रश्न. निवड समिती प्रत्येक निकाल चार गटांत टाकते. घरच्या कोर्टवर १ ते ३० क्रमांकाच्या संघाशी झालेला सामना पहिल्या गटात, ३१ ते ७५ दुसऱ्या, ७६ ते १६० तिसऱ्या. यातला क्रमांक पत्रकारांचा नव्हे, निकालांवरून संगणकानं काढलेल्या ‘नेट’ क्रमवारीतला, आणि तो सामन्याच्या दिवशीचा धरत नाहीत, निवडीच्या वेळचा धरतात. म्हणजे नोव्हेंबरात लाजिरवाणा वाटलेला पराभव फेब्रुवारीपर्यंत आपोआप सुधारू शकतो, मात्र त्यासाठी ज्यानं हरवलं तो जिंकत राहायला हवा. जेम्स मॅडिसननं ते इमानेइतबारे केलं: पहिले १४ सामने सलग जिंकले, मोसम ३२-४ असा संपवला आणि स्पर्धेच्या पहिल्या फेरीत विस्कॉन्सिनला ७२-६१ असं हरवलं. विस्कॉन्सिन हे मिशिगन स्टेटच्याच परिषदेतलं, म्हणजे मोसमभर आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातलं, विद्यापीठ. ईस्ट लान्सिंगच्या चाहत्यांनी त्या दिवशी कुणाच्या बाजूनं ओरडायचं, याचा नियम मात्र कुठे लिहिलेला नाही.