एक चाक गरगर, दुसरं ढिम्म

गेल्या जुलैत चुलतभावाची पिकअप टोमॅटोचे क्रेट भरून शेतातून निघाली आणि चारी ओलांडताना अडकली. मागचं डावं चाक चारीवर अधांतरी, उजवं मुरमावर घट्ट. ॲक्सिलरेटर दाबला की डावं गरगर फिरायचं आणि उजवं जागचं हलायचं नाही. शेवटी शेजारचे नाना ट्रॅक्टर घेऊन आले. ओढताना त्यांचंही एक चाक काळ्या मातीत घसरायला लागलं. नानांनी टाचेनं खालचं एक छोटं पेडल दाबलं, दोन्ही चाकं एकदम फिरली आणि पिकअप बाहेर आली. "तुमच्या गाडीला डिफ लॉक नाही व्हय?" नाना एवढंच म्हणाले. डिफ लॉक म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना जोडून सारखी फिरवणारी सोय. तेव्हापासून भावाच्या डोक्यात एकच, आपल्या गाडीला असलं काही बसवता येईल का?

एक चाक गरगर आणि दुसरं ढिम्म, हा प्रश्न बैलगाडीला येतच नाही. तिची चाकं आसावर सुटी फिरतात. मोटारीत मात्र इंजिनाला दोन्ही चाकं फिरवायची असतात आणि वळणावर ती सारख्या वेगानं फिरून चालत नाहीत. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सव्वादोन मीटरहून जास्त चालतं. वळण मोठं असो की छोटं, हा फरक तेवढाच राहतो. तो सांभाळायला डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांच्या मधे बसवलेला गिअरचा संच. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसानं १८२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ते योजलं आणि त्याचं मूळ तत्त्व आजही तेच आहे.

"सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते" असं गॅरेजात सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना पिळाचा जोर कायम सारखाच देतं. औताच्या जुवासारखं समजा. एक बैल खाली बसला, तर दुसरा कितीही जोर लावो, जू नुसतं तिरकं होतं. घसरणारं चाक हा बसलेला बैल.

थोडे आकडे मांडू. मागच्या प्रत्येक चाकावर ५०० किलो वजन आहे. चिखलात पकड वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ५० किलो. मुरमावर साठ टक्के, म्हणजे ३०० किलो. चढ आणि चिखलाचा अडथळा मिळून गाडीला १८० किलोचा रेटा हवा आहे. साधं डिफरन्शियल ५० अधिक ५० असे १०० किलोच देणार, म्हणजे गाडी अडकली. पूर्ण लॉक केलं तर ५० अधिक ३००, मिळून ३५०. गाडी आरामात वर.

या दोन टोकांच्या मधे हेलिकल डिफरन्शियल येतं. टॉर्सन हे त्यातलं प्रसिद्ध नाव. व्हर्नन ग्लिझमन या अमेरिकनानं त्याची कल्पना काढली. तिरक्या दातांचे गिअर जोर आला की आपापल्या घरात दाबले जातात, आणि त्या घर्षणामुळे पकड असलेल्या चाकाला घसरणाऱ्याच्या ठरावीक पटीत जोर मिळतो. पट तिपटीची असेल तर ५० अधिक १५०, म्हणजे २००. आपलं काम झालं. पण चाक हवेत असेल तर? शून्याची तिप्पट शून्यच. भावाच्या चारीवर हे महागडं यंत्र साध्या डिफरन्शियलइतकंच निरुपयोगी ठरलं असतं.

अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन खटके ओढावा, असा सल्ला मिळतो. हेलिकल असेल तर तो चालतो, कारण ब्रेकमुळे त्या चाकावर काहीतरी भार येतो आणि त्याची पट दुसरीकडे जाते. साध्या डिफरन्शियलला मात्र काही फायदा नाही. हँडब्रेक दोन्ही चाकांना सारखाच धरतो. इकडे मिळवलेलं तिकडे गेलं. ट्रॅक्टरला डावा आणि उजवा ब्रेक वेगळा असतो, म्हणून नाना फक्त घसरणारं चाक दाबू शकतात. हल्लीच्या गाड्यांतलं ब्रेक वापरून घसरण रोखणारं इलेक्ट्रॉनिक तंत्र हेच करतं, फक्त पाय सेन्सरचा. ते कंपनीकडूनच आलेलं असेल तर अधूनमधून कच्च्या रस्त्याला पुरतं. पण ब्रेकशी भांडण्यात इंजिनाची बरीच ताकद उष्णता होऊन जाते आणि लांबलचक चिखलात ब्रेक तापतात.

प्लेटांचं लिमिटेड स्लिप, म्हणजे घर्षणाच्या प्लेटांनी दोन चाकांच्या वेगातला फरक आवरणारं डिफरन्शियल, मूळचं शर्यतीच्या वळणाचं. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांसाठी झेडएफ या जर्मन कंपनीनं ते बनवलं. त्याला वेगळं ऑइल लागतं, प्लेटा झिजतात आणि गाडी वळवून लावताना मागून गुरगुर ऐकू येते. टोमॅटो वाहणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

मग उरतात लॉकर, म्हणजे डिफरन्शियल पूर्ण लॉक करणारी यंत्रं. एक प्रकार आपोआप लॉक होणारा. ईटन कंपनीच्या यंत्रात दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की छोटी वजनं बाहेर फेकली जातात, एक खिट्टी अडकते आणि दोन्ही चाकं जोडली जातात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ट्रकांत ते १९७३ पासून आहे. आपल्याकडे २०२१ च्या बोलेरो निओच्या एका मॉडेलात, तेही फक्त मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत, असंच यांत्रिक लॉकिंग आलं. चालकाला काही करावं लागत नाही. दुसरा प्रकार हवेच्या दाबानं किंवा विजेनं, बटण दाबून लॉक होणारा. हा नानांच्या पेडलाचा शहरी भाऊ.

लॉकरचा एक धोका विक्रेते क्वचितच सांगतात. एक चाक गरगर फिरत असतं तेव्हा दुसरं, न फिरणारं चाक गाडीला आडवं सरकू देत नाही. दोन्ही चाकं लॉक होऊन एकदम घसरली की ती आडवी पकडही जाते. आडव्या उताराच्या ओल्या कच्च्या वाटेवर गाडीची शेपटी सरळ दरीच्या बाजूला निघते. म्हणून गाडी अडकल्यावरच लॉक लावायचा आणि बाहेर पडताच काढायचा. पक्क्या रस्त्यावर लॉक ठेवून वळलात तर टायर खरवडले जातात आणि हाफ शाफ्टवर, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर, ताण येतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तर स्टिअरिंग हातातून हिसकलं जातं. तिथे हेलिकलच बरं. होंडा सिव्हिक टाइप आर मध्ये तेच आहे.

खर्चाआधी दोन गोष्टी बघाव्यात. हाफ शाफ्टचे दाते आणि क्राऊनचं, म्हणजे डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरचं, माप जुळतं का, नाहीतर नवा माल टेबलावरच राहतो. आणि टायर. झिजलेल्या टायरनं ३०० किलोची पकड १५० वर आली, तर लॉकरही २०० च देणार.

भाऊ गॅरेजात गेला तेव्हा मिस्त्रीनं गाडीकडे न बघता विचारलं, "दादा, चाक घसरतंय की लटकतंय?" भाऊ म्हणाला, लटकतंय. "मग लॉकरच." किंमत ऐकून भाऊ घरी आला, चारीत सिमेंटचा पाइप टाकला आणि वर मुरूम दाबून घेतला. यंदा गाडी तिथे अडकली नाही. ती आता पुढच्या बांधापाशी रुतते. तिथे चाक लटकत नाही, नुसतं घसरतं. म्हणजे आता हेलिकल चालेल.