चेक-इन गेलं, पिन राहिली

इंदूरच्या सराफ्यात एकाच ओट्यावर दोन धंदे चालतात. दिवसभर आतल्या पेढीत सोन्याचांदीचं वजन होतं. रात्री शटर खाली आलं की त्याच ओट्यासमोर भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) आणि मालपुव्याच्या कढया तापतात. पत्ता एक, पण वेळ वेगळी आणि बहुधा मालकही वेगळा. मोबाइलच्या नकाशावर हे नीट नोंदलेलं नसेल, तर रात्री दहा वाजता 'बंद आहे' असं वाचून गिऱ्हाईक पुढच्या ठेल्याकडे वळतं आणि सकाळी अकराला कुणीतरी कीस शोधत पेढीच्या दारात येऊन उभं राहतं. समाजमाध्यमांवरून गिऱ्हाईक जोडायच्या बऱ्याच योजना इथेच अडतात, कारण सवलतीची जाहिरात आधी होते आणि जागेची नोंद मागे राहते. हा क्रम उलटा का पडला, ते 'चेक-इन'च्या इतिहासात सापडतं.

चेक-इन म्हणजे 'मी आत्ता अमुक दुकानात आहे' अशी मोबाइलवरून लावलेली हजेरी. ही कल्पना स्मार्टफोनच्या आधीची आहे. न्यूयॉर्कमध्ये २००० साली डेनिस क्राउली आणि ॲलेक्स रेनर्ट यांनी 'डॉजबॉल' नावाची सेवा सुरू केली. आपण कुठे आहोत ते एसएमएसने कळवायचं, मग आसपासच्या मित्रांना निरोप जायचा. फोनला जागा कळत नव्हती, ती माणूस सांगत होता. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळली जाणारी चूक काढून टाकली. त्याआधी नागरी उपकरणं शंभर मीटरपर्यंत चुकत. ही चूक आटोक्यात आली नसती, तर फोनला जीपीएसवरून दुकान ओळखता आलं नसतं.

गूगलने २००५ मध्ये डॉजबॉल विकत घेतलं आणि २००९ मध्ये बंद केलं. क्राउली तोवर बाहेर पडले होते. भारतीय वंशाचे नवीन सेल्वादुराई यांच्यासोबत त्यांनी मार्च २००९ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या 'साउथ बाय साउथवेस्ट' महोत्सवात 'फोरस्क्वेअर' आणलं. त्यात हजेरीचा खेळ केलेला होता. नव्या जागी गेलं की बिल्ला मिळायचा आणि मागच्या ६० दिवसांत एखाद्या जागी सर्वांत जास्त दिवस हजेरी लावणारा तिथला 'महापौर' व्हायचा. दुकानदारांनी त्यावर सवलती बांधल्या: पहिल्यांदा येणाऱ्याला, ठरावीक वेळा येणाऱ्याला, मित्रांचा घोळका घेऊन येणाऱ्याला आणि अर्थात महापौराला. ऑगस्ट २०१० मध्ये फेसबुकने 'प्लेसेस' सुरू केलं आणि नोव्हेंबरमध्ये त्यावर सवलती जोडल्या. गॅप या कपड्यांच्या कंपनीने तेव्हा अमेरिकेत चेक-इन करणाऱ्या पहिल्या १०,००० गिऱ्हाइकांना जीन्स फुकट दिल्या. इन्स्टाग्रामचा जन्मही इथलाच. 'बर्बन' नावाच्या चेक-इन ॲपमधला फोटोचा भाग लोकांना आवडतो आहे हे दिसल्यावर केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रिगर यांनी बाकीचं गाळून ऑक्टोबर २०१० मध्ये तो भाग वेगळा काढला.

इंदुरात हा खेळ रुजला नाही. थ्रीजीचे लिलाव २०१० मध्ये झाले, खिशात बहुतेकांच्या साधे फोन होते आणि डेटा जपून वापरायचा असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झालं, पण तोवर फोरस्क्वेअरने २०१४ मध्येच हजेरीचा भाग 'स्वार्म' या वेगळ्या ॲपमध्ये हलवला होता. त्यामुळे आपल्याकडच्या पिढीने 'महापौर' न होताच थेट फेसबुकवरची जागा, इन्स्टाग्रामचा लोकेशन टॅग आणि गूगलचा नकाशा हाती घेतला. यात आपलं नुकसान झालं असं वाटत नाही. मात्र तो खेळ का फसला, हे शिकायचं राहून गेलं.

पहिली चूक हिशेबाची होती. महापौर एकच होतो. रोज येणाऱ्या एकाला बक्षीस आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या पन्नासांना काहीच नाही, अशी ती रचना. पन्नासांना कळायचं की आपला नंबर कधीच लागणार नाही, मग ते हजेरी लावणं सोडायचे. दुसरी अडचण फसवणुकीची. घरी बसून दुकानात हजेरी लावणारे इतके झाले की एप्रिल २०१० मध्ये फोरस्क्वेअरला फोनची जागा आणि दुकानाची जागा ताडून बघायला सुरुवात करावी लागली. तिसरी सगळ्यांत साधी आणि आजही दिसणारी: सवलत फोनवर झळकायची, पण गल्ल्यावरच्या माणसाला तिचा पत्ता नसायचा. गिऱ्हाइकाने फोन पुढे करायचा, त्याने नकार द्यायचा, आणि मागची रांग ते बघायची. चौथी खासगीपणाची. फेब्रुवारी २०१० मध्ये 'प्लीज रॉब मी' या संकेतस्थळाने लोकांच्या जाहीर चेक-इन एकत्र दाखवून सांगितलं की हे लोक आत्ता घरी नाहीत. त्यानंतर आपला पत्ता असा जगभर सांगत फिरण्याचा उत्साह ओसरत गेला.

खेळ संपला, पण त्याखाली जमलेली जागांची यादी उरली. लोकांनी लाखो वेळा 'मी इथे आहे' म्हटलं, त्यातून कुठे कोणतं दुकान आहे याची नोंदवही तयार झाली होती. सुरुवातीला इन्स्टाग्राम फोरस्क्वेअरचीच यादी वापरत असे, नंतर फेसबुकची वापरू लागलं. फोरस्क्वेअर स्वतः हळूहळू जागांची माहिती विकणारी कंपनी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने आपलं शहरदर्शक ॲप बंद केलं. गूगलकडे दुकानदारांसाठी २००५ पासूनच नोंदणी होती. तिचं नाव २०१० मध्ये 'प्लेसेस', २०१४ मध्ये 'माय बिझनेस' आणि २०२१ मध्ये 'बिझनेस प्रोफाइल' झालं. भारतात कागदी नकाशेच अपुरे होते, म्हणून २००८ मध्ये आलेल्या गूगलच्याच 'मॅप मेकर'मधून सामान्य लोकांनी गल्ल्या, देवळं, दुकानं नकाशावर भरली. ते २०१७ मध्ये बंद झालं, पण त्या काळातल्या चुकीच्या, दुहेरी आणि अर्ध्या नावांच्या नोंदी अजून कुठे कुठे सापडतात.

म्हणून आज चेक-इनचा फायदा घ्यायचा तर काम पिनपासून, म्हणजे नकाशावरच्या दुकानाच्या खुणेपासून, सुरू करावं. मोकळ्या आकाशाखाली चांगला स्मार्टफोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. सराफ्याच्या अरुंद गल्लीत संकेत भिंतींवर आपटून येतो आणि चूक त्याच्या कितीतरी पट होते. छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत एका ओळीत दुकानं आहेत. तिथे १५ मीटरची चूक म्हणजे आपली हजेरी शेजारच्याच्या, किंवा त्याच्याही पलीकडच्याच्या नावावर. त्यामुळे दुकानात उभं राहून 'माझी जागा' दाबण्यापेक्षा उपग्रहचित्रावर छप्पर ओळखून पिन हाताने सरकवावी. अक्षांश-रेखांश लिहून द्यायचे असतील तर दशांशानंतर किमान पाच आकडे हवेत. चौथा आकडा सुमारे ११ मीटरचा असतो, पाचवा सुमारे एका मीटरचा. चारवर थांबलं की गल्लीतला समोरचा ओटा निवडला जाऊ शकतो.

गूगलच्या नोंदीत वेळ भरताना रात्रीच्या धंद्याची गल्लत ठरलेली. आठ ते दोन असं काम असेल तर सोमवारच्याच ओळीत रात्री ८ ते पहाटे २ भरावं, पहाटेचे दोन तास मंगळवारात वेगळे टाकत बसू नये. बारा वाजताचं 'एएम-पीएम' उलटं पडलं की नकाशा दुपारी दुकान उघडं दाखवतो. पेढी आणि ठेला हे दोन वेगळे धंदे आहेत, म्हणून दोन वेगळ्या नोंदी, दोन नावं आणि दोन प्रकार लागतात. एकाच्या नोंदीत दुसऱ्याची वेळ घुसवू नये. मुख्य प्रकार एकच निवडता येतो, जोडीला आणखी नऊ. नावात मात्र पाटीवर आहे तेवढंच लिहावं. 'सराफ्यातला सर्वांत चविष्ट' अशी शेपटी जोडली की नोंद निलंबित होण्याचा धोका असतो.

या नोंदीची पडताळणी आता बहुधा व्हिडिओने होते. किमान ३० सेकंदांचं, न तोडलेलं, न संपादलेलं चित्रीकरण लागतं. त्यात आजूबाजूची ओळखीची खूण, पाटी आणि दुकान आपलं असल्याचा पुरावा दिसला पाहिजे. कुलूप उघडणं, गल्ला उघडणं, भट्टी पेटवणं असं काहीही चालतं. ठेलेवाल्यांची नोंद इथे अनेकदा नाकारली जाते, कारण कापडी फलक रात्रीपुरता लावलेला असतो आणि गूगलला कायमची पाटी हवी असते. छोटा पण पक्का बोर्ड बसवणं हा यावरचा खरा उपाय. चित्रीकरणही धंद्याच्या वेळी, उजेड करून करावं.

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर या भागांत घरून फराळ, उकडीचे मोदक, पुरणपोळी देणाऱ्या अनेक मराठी गृहिणी आहेत. त्यांनी घराचा पत्ता नकाशावर उघड करायची गरज नाही, करूच नये. गूगलमध्ये पत्ता झाकून फक्त सेवा देण्याचे भाग लिहिता येतात, असे वीस भाग भरता येतात. अशा घरी गिऱ्हाइकाला चेक-इन करायला सांगणं हे 'प्लीज रॉब मी'ने दाखवलेल्या चुकीचंच दुसरं रूप आहे. त्यापेक्षा फराळाच्या डब्यावर इन्स्टाग्रामचं नाव छापलेलं चिकटपत्र लावावं. टॅग नावाला होतो, घराला नाही.

सवलत कशी द्यावी, यात जुन्या लोकांची चूक सुधारता येते. समजा, प्लेट ६० रुपयांची आहे. नऊ प्लेटनंतर दहावी फुकट दिली तर दहा प्लेटचे ५४० रुपये येतात. प्रत्येक प्लेटवर १० टक्के सूट दिली तरी ५४०च येतात. कागदावर दोन्ही सारखं, पण सरसकट सूट एकदाच येऊन जाणाऱ्या प्रवाशालाही जाते. दहावी-फुकटवाली सूट फक्त परत येणाऱ्याला मिळते, आणि मध्येच थांबलेल्याने पूर्ण भाव दिलेला असतो. महापौरासारखं एकट्याचं राज्य नको, प्रत्येकाला गाठता येईल असा आकडा हवा. आठवड्यातून एकदा येणाऱ्याला दहाचा आकडा अडीच महिन्यांचा पडतो, म्हणून तिथे पाच-सहा पुरे. योजना सुरू करण्याआधी गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ती तोंडी समजावून एक कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवावा: गिऱ्हाइकाच्या फोनवर कुठला पडदा बघायचा, काय द्यायचं, कोणत्या तारखेपर्यंत.

माध्यमांचे नियमही बदलत गेले आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये फेसबुकने ॲपमधून 'पान लाइक करा, बक्षीस घ्या' असं करायला मनाई केली. जागेवर चेक-इन करणाऱ्याला काही देणं मात्र चालू ठेवलं. स्वतःच्या भिंतीवर शेअर करा किंवा मित्रांना टॅग करा, तरच स्पर्धेत भाग, ही अट फेसबुकवर चालत नाही, तरी शहरातल्या अर्ध्या जाहिराती तीच अट घालताना दिसतात. गूगलवर परीक्षणाच्या (रिव्ह्यूच्या) बदल्यात सूट, चहा किंवा मिठाई देणं निषिद्ध आहे. पकडलं गेलं तर परीक्षणं काढली जातात. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानकही आणलं. म्हणून परीक्षणाचा क्यूआर कोड बिलावर छापावा, गिऱ्हाइकाला एकदा आठवण करावी आणि तिथे थांबावं. फुकट प्लेट खाऊन चित्रफीत टाकणाऱ्या खाद्य-ब्लॉगरने ती जाहिरात असल्याचं सांगावं, असं जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे निर्देश म्हणतात. ती सूचना आपणच आधी त्याला द्यावी.

नंबर जमवायचे असतील तर व्हॉट्सॲप बिझनेस जानेवारी २०१८ पासून आहे. एका प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये) २५६ नंबर बसतात, पण निरोप फक्त आपला नंबर जतन केलेल्यांनाच पोहोचतो. यादी मोठी आणि प्रतिसाद शून्य, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. नंबर दिल्याशिवाय बिल नाही, असा आग्रह धरू नका, असं ग्राहक मंत्रालयाने २०२३ मध्ये किरकोळ दुकानांना सांगितलं. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचा आधारही संमती हाच आहे. वहीत नंबराशेजारी 'कशासाठी घेतला' हा रकाना ठेवावा. दिवाळीच्या फराळासाठी दिलेल्या नंबरावर वर्षभर सुप्रभात पाठवलं की माणूस नंबर ब्लॉक करतो आणि पुढच्या दिवाळीची ऑर्डरही जाते.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा सराफ्याजवळच्या राजवाड्याच्या आसपास गाडी नेणं अशक्य असतं. त्या दिवसाची वेगळी वेळ नकाशावर आदल्या आठवड्यातच भरावी, आणि कोणत्या बाजूने पायी येता येईल ते एका ओळीत पोस्टमध्ये लिहावं.